सोळा पानांची फ्रेम: युद्धातलं ब्रिटिश टपाल, कागदाची काटकसर आणि हंगामी माणसं

९ जून

आमच्या टपाल तिकीट संग्राहकांच्या क्लबाच्या डिसेंबरातल्या प्रदर्शनात एक फ्रेम लावायची, असं ठरलं. एक फ्रेम म्हणजे ए-फोर आकाराची सोळा पानं, चार ओळींत चार-चार. विषय: दोन महायुद्धांत ब्रिटनच्या जनरल पोस्ट ऑफिसनं कागद कसा वाचवला आणि माणसं आघाडीवर गेल्यावर हंगामी भरतीवर टपाल कसं चालवलं.

विषय सुचला तो स्वस्ताईमुळे. लिलावात एक खोकं मिळालं. त्यात १९४० ते १९४६ सालची वापरलेली इंग्लिश पाकिटं होती. अर्ध्यांवर दुसऱ्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, काही उलटी करून पुन्हा चिकटवलेली, कोपरे गेलेले. देखणं कव्हर, म्हणजे टपालातून गेलेलं पाकीट, शोधणाऱ्याच्या दृष्टीनं ही रद्दी, म्हणून कोणी बोली वाढवली नाही. खोकं वाहतुकीसकट साडेचार हजारांत घरी आलं. कोणी पुढे असंच काही करायला घेतलं तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

१६ जून

वर्गवारी. आधी तारखेनुसार लावत बसलो. त्यात सकाळ गेली आणि हाती काहीच लागलं नाही. एकाच पाकिटावर दोन-दोन, तीन-तीन तारखा असतात, कुठली धरायची? मग कागद किती वेळा वापरला गेला त्यावर ढीग केले: एकदा वापरलेली, चिठ्ठी लावून पुन्हा वापरलेली, आणि चिकटवलेल्या कडा सोडवून आतली बाजू बाहेर काढून नव्यानं केलेली. हे जमलं. पानांचा क्रमही त्यातूनच मिळाला.

चिठ्ठ्यांना संग्राहक 'इकॉनॉमी लेबल' म्हणतात. जुन्या पत्त्यावर चिकटवायचं, वर नवा पत्ता लिहायचा, पाकीट पुन्हा पेटीत टाकायचं. सरकारी कचेऱ्यांची लेबलं वेगळी, त्यांवर 'ऑन हिज मॅजेस्टीज सर्व्हिस'. धर्मादाय संस्था आपलं नाव छापलेली लेबलं विकत. कागद वाचे आणि जाहिरातही होई. सरकारी लेबलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छपाईचा कोड असतो. त्यात किती प्रती छापल्या आणि कुठल्या महिन्यात, हे येतं. पाकिटावरचा शिक्का वाचता येत नसेल तर या कोडावरून निदान 'याच्या आधीचं नाही' एवढं तरी ठरतं. भिंग दहापटीचं घ्या. पाचपटीत भागत नाही.

ही टंचाई कुठून आली ते पहिल्याच पानावर सांगायला हवं. इंग्लंडातला कागद मुख्यतः बाहेरून येणाऱ्या लगद्यावर चाले. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला आणि स्कॅन्डिनेव्हियाचा पुरवठा तुटला. कागदावर सरकारी नियंत्रण त्याच्या आधीच आलं होतं. वर्तमानपत्रं चार पानांवर आली. १९४२ मध्ये तर कागद जाळणं किंवा कचऱ्यात टाकणं हा गुन्हा ठरला. माझ्या खोक्यातली बहुतेक लेबलवाली पाकिटं १९४१ नंतरची आहेत, हे त्याच्याशी जुळतं.

२३ जून

आजचा दिवस खराब गेला.

लेबलाखालचा मूळ पत्ता दाखवायचा होता, म्हणजे पाकिटाचा प्रवास पूर्ण कळेल. वाफेवर लेबल सोडवायला घेतलं. डिंक सुटायला लागला तोवर खालच्या पत्त्याची जांभळी शाई पसरली. पत्ता कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेला होता. या पेन्सिलीत रंगद्रव्य असतं, कोरडी असेपर्यंत साधी करडी दिसते आणि ओल लागली की जांभळी होऊन धावते. त्या काळी टपालात आणि सैन्यात ती सर्रास वापरत. पाकीट बाद. किंमत शंभर-सव्वाशेच असेल, पण तसं दुसरं माझ्याकडे नाही.

क्लबातल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, लेबल काढलंस तर तुझ्या विषयाचा पुरावाच काढलास. लेबलासाठी घेतलंस ना ते पाकीट?" बरोबर होतं त्यांचं.

मग मुलीचं चित्रं ट्रेस करायचं एलईडी पॅड घेतलं. पाकीट एका बाजूनं उघडलेलं असतंच. आत पातळ पांढरा कागद सरकवला, पाकीट पॅडवर पालथं ठेवलं, खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलनं फोटो काढला. लेबलाखालचा पत्ता उलटा, पण स्वच्छ वाचता येतो. फोटो आरशासारखा फिरवून घ्यायचा. पानावर खरं पाकीट लावायचं, शेजारी हा फोटो छोटा करून. ओल नाही, वाफ नाही, खर्च शून्य.

एक पाकीट असं निघालं की लेबलाखाली आणखी एक लेबल. म्हणजे तीन प्रवास. ते पान क्रमांक चारवर एकटंच लावणार.

७ जुलै

पाऊस. कपाटातल्या खोक्याला कुबट वास यायला लागला. दोन पाकिटांवर तपकिरी ठिपके वाढलेत असं वाटतंय. जूनमधल्या फोटोंशी ताडून पाहिलं तर खरंच वाढलेत. युद्धकाळातला कागद मुळातच हलका, त्यात रद्दीचा लगदा मिसळलेला. आपल्याकडच्या दमटपणात तो टिकत नाही.

प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून सगळं हलवलं. पहिल्या डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं, जेलचे निळे दाणे दोन दिवसांत गुलाबी. रबराच्या कडेचा डबा आणला, आता ठीक. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ साडेतीनशेला मिळालं, तेही आत ठेवलं. काटा पन्नासच्या आसपास राहिला की मी समाधानी. आधी प्रत्येक पाकीट वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घातलं होतं, ते काढलं. साध्या पिशव्यांत ओल अडकते. पॉलिएस्टरची बाही वेगळी, ती दोन बाजूंनी उघडी असते आणि कागदाला चिकटत नाही. महाग आहे, पण इथे काटकसर करू नका.

२१ जुलै

आज तारीख जुळून आली. २१ जुलै १९४१ लाच सहाव्या जॉर्जचं अडीच पेनीचं तिकीट फिक्या निळ्यात आलं होतं.

कागद वाचवायचा तशी शाईही वाचवायची होती. अर्धा पेनीपासून तीन पेनीपर्यंतची तिकिटं १९४१-४२ मध्ये एकेक करून फिकट छटांत आली. चित्र तेच, रंग तेच, फक्त भरीव पार्श्वभूमी हलकी केलेली, म्हणजे छपाईला शाई कमी लागावी. यावर एक पूर्ण पान, कारण प्रेक्षकाला एका नजरेत कळेल अशी ही एकच गोष्ट आहे.

कळेल असं वाटलं होतं! स्कॅन करून छापलं तर गडद आणि फिकं सारखंच दिसतं. स्कॅनर आपल्या मनानं उजेड सुधारतो. ती सोय बंद केली, तरी छापणारा त्याच्या मशीनवर पुन्हा 'सुधारतो'. दोन दुकानं फिरलो. शेवटी छापील चित्राचा नाद सोडला आणि न वापरलेली खरी तिकिटं गडद-फिकी जोडीनं लावली. सहा जोड्या, साधारण अकराशे रुपये. वापरलेली घेतली असती तर फिकेपणा छपाईतला की उन्हातला, हा वाद परीक्षकानं काढलाच असता.

त्याच पानाखाली दरवाढ. १ मे १९४० ला देशांतर्गत पत्राचा दर दीड पेनीवरून अडीच पेनी झाला, पोस्टकार्डाचा एकावरून दोन. माझ्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यातलं, जुनंच दीड पेनीचं तिकीट लावलेलं एक पाकीट आहे. तूट एक पेनीची, दंड दुप्पट, म्हणून दोन पेनीचं पोस्टेज ड्यू तिकीट. आपल्याकडे याला बैरंग म्हणत. दर वाढवण्यामागे युद्धाचा खर्च होता, कागद नव्हे. तसं स्पष्ट लिहिलंय. सगळंच काटकसरीच्या खात्यात घालायचा मोह होतो, तो आवरायला हवा.

११ ऑगस्ट

एअरग्राफ. ही पानं सर्वात आधी तयार होती आणि आज तीच मोडली.

पद्धत अशी: छापील फॉर्मवर पत्र लिहायचं, कोडॅकच्या यंत्रावर त्याचा १६ मि.मी. फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानानं जायची, पलीकडे तिचे हाताएवढे फोटो छापून खिडकीच्या छोट्या पाकिटातून वाटायचे. सेवा १९४१ च्या एप्रिलात कैरोहून लंडनसाठी सुरू झाली. सुमारे १,७०० पत्रं एका गुंडाळीत मावत आणि तिचं वजन काही औंस भरे. तीच पत्रं साध्या टपालानं पाठवायची तर विमानात पोतंभर जागा लागली असती. भूमध्य समुद्रातून जहाजं जाऊ शकत नव्हती, आफ्रिकेला वळसा घालून पत्राला महिने लागत, म्हणून हा खटाटोप. १९४२ पासून हिंदुस्थानातूनही एअरग्राफ जाऊ लागले. माझ्याकडच्या तीनपैकी एक तसा आहे.

ही तिन्ही पानं 'कागदाची बचत' या मथळ्याखाली होती. काल रात्री मथळा टाइप करताना लक्षात आलं की हिशेब उलटा आहे. मूळ फॉर्म कागदाचा, फोटो पुन्हा कागदाचा, वर खिडकीचं पाकीट. एका पत्राला तीन कागद! वाचलं ते विमानातलं वजन आणि जागा. तीन पानांचं एक केलं, मथळा बदलला: 'वाचवलं वजन, कागद नव्हे'. आणि शेजारी एअर लेटर लावलं, जे दुमडलं की स्वतःच पाकीट होतं. तिथे कागद खरोखर वाचतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक आपोआप दिसतो.

व्यवहारातली एक सूचना. एअरग्राफ हा फोटो आहे, दमट हवेत वळतो. त्याला चार कोपरे पुरत नाहीत. खाली-वर पॉलिएस्टरच्या पट्ट्या द्या, आणि इस्त्री वगैरे प्रकार करू नका.

१ सप्टेंबर

कागद झाला. आता माणसं, आणि इथे गाडी रुतली.

हंगामी माणूस पाकिटावर खूण ठेवत नाही. शिक्का कायम नोकरानं मारला की काल भरती झालेल्या बाईनं, शिक्का तोच. तरी मी दोन पानं रचली होती. एक 'मिससेंट' शिक्क्यांचं: चुकीच्या गावी गेलेली पत्रं, म्हणजे नवखे हात. दुसरं सेन्सॉरच्या लेबलांचं: 'ओपन्ड बाय एक्झामिनर', पुढे तपासनिसाचा क्रमांक, खाली लेबलाचा छापील क्रमांक पी.सी. ९०. तपासनिसांत बायका पुष्कळ होत्या, लिव्हरपूलला मोठी कचेरी होती, क्रमांकामुळे माणूसही जवळ येतो. पान फार देखणं झालं होतं.

दोन्ही पानं काकांना दाखवली. मिससेंटवर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हे शिक्के लढाईच्या आधी नव्हते का रे?" होते की. शांततेतही पत्रं चुकतातच. माझ्या पाचसात पाकिटांवरून नवख्या माणसांवर दोष ढकलणं हा निव्वळ अंदाज झाला असता. सेन्सॉरचं तर आणखी सरळ आहे. ते खातं पोस्टाचं नव्हतंच. आधी युद्धखात्याकडे आणि १९४० च्या एप्रिलपासून माहिती मंत्रालयाकडे. पोस्टाच्या हंगामी भरतीच्या फ्रेममध्ये दुसऱ्या खात्याची माणसं कशाला? दोन्ही पानं बाहेर. लेबलांवर घातलेले दीडेक हजार वाया.

२२ सप्टेंबर

मार्ग निघाला, पण प्रदर्शनातला स्पर्धेचा वर्ग बदलून. टपाल-इतिहास वर्गात टपालाबाहेरच्या वस्तूंना जवळजवळ थारा नसतो. 'ओपन फिलाटेली' वर्गात निम्म्यापर्यंत इतर साहित्य चालतं: फोटो, छापील कागद, बिल्ले. आयोजकांना विचारून नोंदणी बदलून घेतली. हे जूनमध्ये विचारलं असतं तर ती दोन पानं झालीच नसती. विषयात माणसं असतील तर आधी वर्ग ठरवा, मग खरेदी.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळलो, कारण माणसांची गोष्ट तिथे ठसठशीत आहे. १९१४ मध्ये ब्रिटिश पोस्टाकडे अडीच लाखांवर नोकर होते. त्यातले सुमारे ७५,००० सैन्यात गेले. पोस्टाच्या माणसांची स्वतंत्र पलटणच होती, पोस्ट ऑफिस रायफल्स. त्यांच्या जागी पहिल्या दोन वर्षांत सुमारे ३५,००० बायका हंगामी म्हणून घेतल्या. लंडनच्या रीजंट्स पार्कात सैन्याच्या टपालासाठी 'होम डेपो' नावाची लाकडी शेड उभारली. पाच एकर जागा, अडीच हजार माणसं आणि त्यांत बहुसंख्य बायका. युद्ध संपेपर्यंत तिथून २ अब्ज पत्रं आणि ११ कोटी ४० लाख पार्सलं गेली. पलटणी रोज जागा बदलत, त्यामुळे कुठली पलटण आज कुठे आहे हे सांभाळून वर्गवारी करायची. पत्ता वाचता आला की झालं, असं ते काम नव्हतं.

'हंगामी' या शब्दाला इथे फार वजन आहे. ब्रिटिश पोस्टात १८७६ पासून नियम होता की लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची. लढाईत तो बाजूला ठेवून विवाहितांनाही घेतलं, पण हंगामीच. पुरुष परतले की जागा रिकामी करायची. दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच, आणि नियम कायमचा गेला १९४६ मध्ये. माझ्या आजोळी गिरणीत बदली कामगार होते. गेटावर उभं राहून कोणी गैरहजर आहे का ते बघणं मी ऐकून आहे. त्यामुळे या पानांवर माझं मन जरा जास्त रेंगाळलं हे मान्य.

साहित्य: टपालवाल्या बाईचं त्या काळचं फोटो-पोस्टकार्ड. गडद निळा कोट, लांब स्कर्ट, डोक्यावर हॅट, खांद्याला पिशवी. लिलावात मला परवडणाऱ्या आकड्याच्या दुपटीला गेलं. दुसरं, कोपरा दुमडलेलं, अठराशेला मिळालं. सोबत होम डेपोच्या काळात फ्रान्सला गेलेलं एक पाकीट आणि सैनिकाचं छापील फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड, सैन्याचा फॉर्म क्रमांक ए.एफ.ए. २०४२. त्यावर 'मी ठीक आहे', 'मला इस्पितळात दाखल केलंय' अशी वाक्यं छापलेली असतात, नको ती खोडायची. सेन्सॉरला वाचायला क्षणभर पुरे. कागदाची आणि माणसांची काटकसर एकाच वस्तूत दाखवणारं हे माझ्याकडचं एकमेव कार्ड आहे, म्हणून ते दोन भागांच्या मधोमध, पान नऊवर.

दुसऱ्या युद्धातल्या माणसांसाठी एकच टपाली पुरावा वापरला: 'पोस्ट अर्ली इन द डे' हा घोषवाक्याचा शिक्का. संध्याकाळची झुंबड कमी झाली तर थोड्या माणसांत काम उरकतं. शिक्का युद्धाआधीही होता, हे तिथेच लिहिलंय. काका विचारायच्या आत!

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला मजकूर लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक पानावर दीडशे-दोनशे शब्द. बायकोनं एक पान वाचलं आणि म्हणाली, "पाकीट कुठाय यात?" पानाला साठ शब्दांची मर्यादा घातली. माहिती कापायची नव्हती म्हणून अक्षर बारीक केलं. ते काचेच्या फ्रेमबाहेरून, दोन फुटांवरून वाचता येईना. परत मोठं केलं आणि माहिती कापली. घरातच पान भिंतीला लावून दोन फुटांवरून वाचून बघा, हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

१७ नोव्हेंबर

छपाई आणि जोडणी. आम्लरहित १६० जीएसएमचा कागद आणला. घरच्या प्रिंटरात तो अडकतो, मागचा सरळ मार्ग उघडून एकेक पान घालावं लागलं. दोन पानांवर शाई फिसकटली. छापल्यावर रात्रभर तसंच ठेवून मग पाकिटं लावली.

उलटी करून वापरलेली पाकिटं लावायला अवघड. आतली बाजू हाच मुद्दा, पण आतली बाजू आत! आधी पानात खिडकी कापून मागून आरसा लावायचा विचार होता. वजनानं पान वाकलं. शेवटी कडेला दिसणाऱ्या जुन्या तिकिटाचा तुकडा आणि आतल्या बाजूचा एलईडीवर काढलेला फोटो, एवढ्यावर भागवलं. कोपऱ्यांत तयार स्टिकर लावले तर जाड पाकिटं सुटून पडतात. पॉलिएस्टरची पट्टी कापून स्वतः केलेले मोठे कोपरे बसले.

१५ डिसेंबर

फ्रेम लागली, उतरली. रौप्य-कांस्य पदक मिळालं. परीक्षकांचे शेरे: लेबलांची आणि फिक्या तिकिटांची पानं चांगली, पान नऊनंतर साहित्य विरळ, दुसऱ्या युद्धातल्या हंगामी भरतीवर एका शिक्क्यापलीकडे काही नाही. तिन्ही मान्य. एका परीक्षकानं विचारलं की नाशिकच्या तिकिटांच्या सरकारी छापखान्यातलं काही का नाही. विषय ब्रिटनचा म्हणून नाही, असं सांगितलं. पण आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्याही वापरलेल्या पाकिटावर चिठ्ठी चिकटवून ते पुन्हा धाडत, तेव्हा जोडफ्रेम होऊ शकते, हे त्यांचं म्हणणं पटलं.

एकूण खर्च सोळा हजारांच्या आसपास. त्यात पाकिटं आणि पोस्टकार्डं निम्म्याहून थोडी कमी; बाकी कागद, पॉलिएस्टर, डबे, छपाई आणि बाद झालेला माल. आता तीन एअरग्राफांपैकी उरलेले दोन आणि सेन्सॉरची लेबलं क्लबात अदलाबदलीला ठेवतोय. बदल्यात हंगामी टपाल कर्मचाऱ्याच्या नेमणुकीचं किंवा सुटकेचं छापील पत्र हवंय, दोनपैकी कुठल्याही युद्धातलं. पान चौदा त्यासाठी रिकामं करून ठेवलंय.